नळीसकट सातवी ब

बिबवेवाडी, पुणे
२३ जून २०१३

प्रिय मुक्ताआत्या,

नमस्कार, आशीर्वाद, क्षेमकुशल हे सगळं पोचलं असं धरून चाल.

आई म्हणाली, "आत्याला लिही, सगळं ठीक आहे." लिहिलं. आता माझं लिहिते.

सातवी सुरू झाली. सातवी ब. गेल्या वर्षी दिवाळीपासून शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहुणी आल्यासारखे बघतात. मास्क लावून पहिल्या बाकावर बसते. डॉक्टर ऋतुजा म्हणतात, नोव्हेंबरात तुझ्या यकृताचा जो तुकडा माझ्या पोटात बसवला तो आता माझ्या मापाचा झालाय. म्हणजे तो माझा. परत मागू नकोस.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझ्या घरी मच्छिंद्रमामा फोन स्पीकरवर ठेवतात आणि तुझ्या सासूबाई मधूनच "पोरगी जगली ना?" असं विचारतात. म्हणून पत्र. तू सांगितलंस तसं अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतेय.

एक बारीकशी गोष्ट. खाज सुटते. तळहात, तळपाय, कानामागे. मी फुटपट्टीने खाजवते. आई म्हणते ऊन बाधलं. बाबा म्हणतात पाणी बदललं. पाणी कोणी बदललं ते मात्र सांगत नाहीत.

तुझी
अपेक्षा


पिंपळवाडी, ता. कळंब
४ जुलै २०१३

लाडक्या अपूस आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि पोटावरचा व्रण ओढला गेला. आता दुखत नाही, नुसता ओढतो.

खाजेला कडुलिंबाचा पाला पाण्यात उकळून अंघोळ कर. इकडेही लेकरांना घामोळं उठलंय. अंगणवाडीत रोज तेच काम: खिचडी शिजवायची, वजनं करायची, घामोळ्याला पावडर लावायची. माझं बरं चाललंय. काळजी करू नको.

फुटपट्टीने खाजवू नको, कातडी सोलेल. आणि गोळ्या घड्याळ बघून घे. एकही चुकवायची नाही.

तुझी आत्या


बिबवेवाडी
१९ ऑगस्ट २०१३

प्रिय आत्या,

हे पत्र आईला न दाखवता लिहितेय. तुला फोनवर सांगितलं की अपेक्षाला "तपासणीसाठी" ठेवलंय. तुझ्यापासून लपवायचं हे आईबाबांनी ठरवलं. त्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं, त्यामुळे तो ठराव मला लागू नाही.

ते घामोळं नव्हतं. जुलैच्या सोळा तारखेला शाळेत जायला निघाले आणि जिन्यातच हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. आईने डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि रिक्षा थांबवली. डोळे पिवळे झाले होते.

डॉक्टर ऋतुजांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. यकृतात पित्त तयार होतं, ते आतड्यात उतरायला वाट लागते. माझी वाट जन्मापासूनच बंद होती, म्हणून तर तुझा तुकडा घ्यावा लागला. त्या तुकड्याची पित्तनळी माझ्या आतड्याला जिथे शिवली, तिथला जोड आकसला. पित्त तुंबलं आणि रक्तात चढलं, म्हणून खाज. तुंबलेल्यात जंतू वाढले, म्हणून ताप.

आता छातीच्या हाडाखाली, बरोबर मध्यावर, एक बारीक नळी घातलीय. एक टोक आत, दुसरं बाहेर पिशवीत. पिशवीत शेवाळी रंगाचं पाणी जमतं. आई दिवसातून दोनदा सलाइनने नळी धुते. दर दीड-दोन महिन्यांनी आत फुगा घालून तो जोड ताणायचा आणि दर वेळी नळी थोडी जाड घालायची. सहा महिने तरी. त्यानेही नाही जमलं तर पुन्हा पोट उघडून जोड नवा करायचा.

खाज थांबली. पहिल्यांदा झोप लागली. नळीचा मला राग नाही.

राग शाळेचा आहे. प्रेमला मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, बाबांना म्हणाल्या, "नळी निघेपर्यंत घरीच राहू दे. जबाबदारी कोण घेणार?" डॉक्टर म्हणतात ताप नसेल तर शाळेत जा. म्हणजे ज्यांना यकृतातलं कळतं त्या हो म्हणतात आणि ज्यांना इतिहास-भूगोल कळतो त्या नाही म्हणतात.

अपेक्षा


पिंपळवाडी
२७ ऑगस्ट २०१३

अपू,

तुझं पत्र चारदा वाचलं.

माझाच तुकडा हलका निघाला का गं? खरं सांग. तुझ्यासाठी तपासलं तेव्हा सगळे म्हणाले उत्तम आहे, आणि मी त्याच घमेंडीत राहिले. लहानपणी मला एकदा कावीळ झाली होती. ते मी डॉक्टरांना सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नसेल. इथे लोक म्हणतातच, देवानं दिलेला देह कापून वाटायचा नसतो. सासूबाई आज म्हणाल्या, "बघ, तुझंही गेलं आणि तिलाही पुरलं नाही."

मी यांना म्हटलं, मला पुण्याला जायचंय. हे म्हणाले, आता पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही, उद्या आणखी काहीतरी मागतील.

तुला लागत असेल तर मी आणखी द्यायला तयार आहे. तू डॉक्टरांना विचार. तुझ्या बापाला, उत्तरेश्वरला, विचारू नको, तो रडेल.

आत्या


बिबवेवाडी
१२ सप्टेंबर २०१३

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी थेट डॉक्टर ऋतुजांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "यांना मीच लिहिते." खालचा मजकूर त्यांचा आहे. अक्षर लावता येणार नाही म्हणून मी उतरवून काढलाय, सही त्यांची खरी आहे.

"श्रीमती मुक्ता यांस. तुम्ही दिलेलं यकृत निरोगी आहे आणि उत्तम काम करत आहे. आकसला आहे तो जोड, आणि जोड आम्ही शिवला. लहान मुलांच्या नळ्या बारीक असतात, शंभरातल्या काही मुलांचा जोड चांगला शिवूनही आकसतो. यात तुमचा दोष शून्य. आणखी काही द्यायची गरज नाही, आणि एकदा दिलेल्या माणसाकडून दुसऱ्यांदा घेतही नाहीत. तुमचं स्वतःचं यकृत केव्हाच भरून आलं आहे. तुमचे मार्चमधले रिपोर्ट माझ्यासमोर आहेत. शेत, घर, नोकरी, ओझं, प्रवास, सगळं करा."

शून्य हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

आता माझी बातमी. मंगळवारी मी गणवेश घालून शाळेत गेले. आईने झग्याला आतून खिसा शिवला आहे, पिशवी त्यात बसते, बाहेरून काही दिसत नाही. आई तोंडाने "जाऊ नको" म्हणत होती आणि हाताने खिसा शिवत होती.

पहिला तास संपायच्या आत ऑफिसात बोलावलं. प्रेमला मॅडम म्हणाल्या, "इतर मुलं घाबरतील."

मी म्हटलं, "मॅडम, श्रद्धाने बघितलं. ती म्हणाली, पिशवी बदलायला बाथरूमला जायची सुट्टी मिळते का? मिळत असेल तर मलापण हवी."

मॅडमना हसू आलं नाही. बाबांना फोन गेला. बाबा हडपसरला आयटी कंपनीची बस चालवतात हे तुला माहीतच आहे, फेरी संपवून ते दीड तासाने आले. उभ्याउभ्याच "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाले आणि मला घरी घेऊन आले. रस्त्यात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. अजून बोलत नाही. आज तिसरा दिवस.

अपेक्षा


पिंपळवाडी
२ ऑक्टोबर २०१३

अपू,

तू मला खरं लिहिलंस. मी तुला लिहिलं नाही.

मी अंगणवाडीत जात नाही. ऑपरेशन करून आले त्या दिवसापासून घरात बसले आहे. आधी तीन महिने विश्रांती होती, ते बरोबर होतं. मग सासूबाई म्हणाल्या, अर्धं माणूस आहेस, ओझं उचलशील तर फाटशील. हे म्हणाले, बस घरी. मलाही वाटायला लागलं की मी अर्धीच आहे. खिचडीचं, वजनाचं मी तुला लिहिलं ते सगळं खोटं. तुझी पत्रं अंगणवाडीत येतात आणि मदतनीस मथुराबाई पदराखाली घालून आणून देतात. माझ्या जागेवर गावातल्या एका पुढाऱ्याची सून बसवायचं चाललंय, हेही त्यांनीच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. जेवण झाल्यावर, सासूबाईंच्या समोर. "शेत, घर, नोकरी, ओझं, प्रवास" हे दोनदा वाचलं. हे म्हणाले, "डॉक्टर काय, काहीही लिहितात." मी म्हटलं, "तिनं माझं पोट आतून बघितलंय. तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घेऊन अंगणवाडी उघडली. कोणाला विचारलं नाही. लेकरं आधी ओळखेनात, मग चिकटली. पर्यवेक्षिका बाई आल्या तेव्हा मी वजनकाट्याजवळ होते. त्यांनी रजेचा कागद मागितला, मी डॉक्टरीणबाईंचा कागद दिला. नक्कल करून घेतली आणि गेल्या.

बापाशी अबोला धरू नको. तो तुझ्या वयाचा होता तेव्हापासून असाच आहे. सोबतची चिठ्ठी त्याला दे. तू वाचलीस तरी चालेल, वाचशीलच.

आत्या

"चि. उत्तरेश्वरास. तू साहेबांपुढे मान खाली घालतोस ते तुझ्या नोकरीसाठी, मला समजतं. पण लेकीच्या शाळेत कोणापुढे घालतोस? मी टेबलावर झोपले ते पोरगी घरात बसावी म्हणून नाही. तिला शिकायचं होतं म्हणून ती जगायला धडपडली. तू शाळेत जा, आणि या वेळी खुर्चीवर बस. तुझी मोठी बहीण, मुक्ता."


बिबवेवाडी
२० नोव्हेंबर २०१३

प्रिय आत्या,

उशीर झाला, कारण मला अभ्यास होता. हे वाक्य लिहायला किती बरं वाटतं.

तुझी चिठ्ठी बाबांनी गॅलरीत उभं राहून वाचली. घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, झालं, ही पण खिशात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली, पण ड्रायव्हरचा युनिफॉर्म इस्त्री करून घातला आणि मला म्हणाले, "चल."

ऑफिसात गेल्यावर ते खुर्चीवर बसले. मॅडमनी बसा म्हणायच्या आधी.

मॅडम म्हणाल्या, "अहो, मी मुलीच्या भल्यासाठीच सांगतेय."

बाबा म्हणाले, "मॅडम, तुम्ही लेखी द्या. पोटाला नळी आहे म्हणून या मुलीला शाळेत घेत नाही, एवढंच. सही आणि शिक्का. मी तो कागद घेऊन जातो."

"कुठे घेऊन जाता?"

"ज्याला वाचायचा असेल त्याच्याकडे."

मॅडमनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "मी असं कुठे म्हटलं?"

"मग ती आत्ता वर्गात जाते," बाबा म्हणाले. ते खुर्चीवरून उठले नाहीत. मी वर्गात जाऊन बसल्यावरच उठले. खिडकीतून दिसलं मला. फाटकापाशी थांबून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

अबोला संपला. तसा मी तो आधीच संपवणार होते.

फुगा दोनदा घालून झाला. जोड पहिल्यापेक्षा उघडलाय, पण डॉक्टर समाधानी नाहीत. आता नळीला बाहेरून टोपण लावलंय, म्हणजे पित्त आतल्या वाटेने आतड्यात जातं. ताप आला तर टोपण काढून पिशवी लावायची. मी एक छोटी थैली कायम दप्तरात ठेवते: कापसाच्या पट्ट्या, चिकटपट्टी, पिशवी, फोन नंबर.

तू अंगणवाडीत आहेस का? खरं लिही.

अपेक्षा


पिंपळवाडी
११ डिसेंबर २०१३

अपू,

आहे. खरं लिहितेय. काल पोषण आहाराचं पोतं मथुराबाई आणि मी दोघींनी उचलून आत घेतलं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. फाटले नाही. त्या थोड्या नाराज दिसल्या.

पुढाऱ्याच्या सुनेला दुसरीकडे लावलंय म्हणे. हे फोन आता माझ्या हातात देतात आणि बाहेर जातात.

उत्तरेश्वर खुर्चीवर बसला हे मी चुलीपाशी वाचलं, आणि चहा उतू गेला.

आत्या


बिबवेवाडी
२२ जानेवारी २०१४

प्रिय आत्या,

आईने तुला फोन केलाच असेल. तिच्याकडून ऐकलंस ते तिथे नसलेल्या माणसाकडून ऐकलंस. मी तिथे होते.

दहा तारखेला, दुपारच्या सुट्टीनंतर. बाकाच्या बाजूला दप्तर अडकवायची कडी आहे. मी उठले, झगा त्या कडीत अडकला, आणि मला समजायच्या आत नळी बाहेर आली. पूर्ण. दुखलं कमी, पण ओलं ओलं लागलं आणि खाली बघितलं तर नळी झग्यातून लोंबत होती.

तुला म्हणून सांगते, मी घाबरले. मला माहीत होतं की ते भोक काही तासांत आकसायला लागतं. मग नवीन जागी सुई, आणि नाहीच जमलं तर पोट उघडायचं. हे सगळं मला एका क्षणात आठवलं, आणि नंबर मात्र आठवेना.

श्रद्धा रडायला लागली. तिला काहीतरी काम देणं भाग होतं, म्हणून म्हटलं, "दप्तरातली थैली काढ. पट्टी फाड. आता फोन नंबर मोठ्याने वाच." ती रडत रडत वाचत होती आणि बाई फोन लावत होत्या. मी पट्टी दाबून धरली होती. नळी स्वच्छ पिशवीत घालून घेतली, कारण डॉक्टरांना ती पूर्ण निघाली का ते बघायचं असतं.

बाबा फेरीवर होते. आईला यायला वेळ लागणार होता. प्रेमला मॅडमनी गाडीची चावी घेतली आणि म्हणाल्या, "चल. कोणाची वाट बघायची नाही."

मार्केट यार्डाच्या चौकात टेम्पोंची रांग. मॅडमनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. म्हणाल्या, "मी हेच म्हणत होते, अपेक्षा. हेच होईल असं."

मी म्हटलं, "हो मॅडम. झालं. आता सिग्नल सुटलाय."

त्यांनी गाडी काढली. पुढे पोलिसाने थांबवलं तेव्हा काच खाली करून त्याला जे बोलल्या ते मी पत्रात लिहू शकत नाही.

दवाखान्यात डॉक्टर ऋतुजा तयारच होत्या. जुन्याच वाटेने तार सरकवून नवी नळी गेली. त्याच वेळी तिसरा फुगाही घालून टाकला. डॉक्टर म्हणाल्या, "या वेळी चांगला उघडला." शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती, बाबा दाराशी होते, आणि मॅडम बाहेरच्या बाकावर माझं दप्तर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळचे सहा वाजले होते.

आईला वाटलं, आता त्या 'शाळेत पाठवू नका' असा कागद पुढे करणार. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "कधी पाठवताय?"

"ताप नसला तर सोमवारी," बाबा म्हणाले.

सोमवारी गेले. सगळ्या बाकांच्या कड्या करवतीने कापलेल्या होत्या. सातवी ब च्याच नाही, सगळ्या वर्गांतल्या. मॅडम अजून माझ्याशी गोड बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आमचं बरं चाललंय.

अपेक्षा


पिंपळवाडी
३ फेब्रुवारी २०१४

अपू,

मी हे पत्र यांना वाचून दाखवलं. तू रागावशील, पण दाखवलं. सिग्नलच्या ओळीपाशी आल्यावर हे हसले. लग्नाला चौदा वर्षं झाली, यांना असं हसताना मी दोनदा पाहिलंय.

मग विचारलं, "आणि पुन्हा निघाली तर?"

मी म्हटलं, "पुन्हा घालतील."

"तुला भीती नाही वाटत?"

मी म्हटलं, वाटते, पण भीती वाटते म्हणून मी वर्षभर घरात बसून पाहिलं. तेव्हाही ती कमी झाली नव्हती.

मे महिन्यात अंगणवाडीला सुट्टी असते. मी पुण्याला येतेय. एकटी. यांनी एसटीच्या वेळा विचारून आणल्या आहेत. मी सांगितलं नव्हतं.

आत्या


बिबवेवाडी
१९ एप्रिल २०१४

प्रिय आत्या,

परीक्षा संपली. नळी घालूनच दिली, गणिताच्या पेपरला टोपणाजवळ ओढल्यासारखं होत होतं, पण ते गणितामुळेही असेल.

काल दवाखान्यात नळीतून रंग सोडून फोटो काढला. मला पडद्यावर दाखवला. काळी बारीक रेष यकृतातून निघाली, जोडापाशी जराही न थांबता आतड्यात उतरली. डॉक्टर ऋतुजांनी ते हलतं चित्र तीनदा पुढेमागे करून बघितलं. मग म्हणाल्या, "काढू या."

नळी निघाली. नऊ महिन्यांनी. आता तिथे छोटी पट्टी आहे. आई सकाळी सवयीने सलाइनची बाटली घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आणि बाटली हातात धरून तशीच खाली बसली. रडली. मी तिला रडू दिलं. तिने एवढ्या दिवसांत एकदाही रडून घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. जोड पुन्हा आकसू शकतो. महिन्या-महिन्याला रक्त, तीन महिन्यांनी सोनोग्राफी, खाज किंवा ताप आला की त्याच दिवशी यायचं. मी विचारलं, "आणि आकसला तर?"

"तर पुन्हा नळी."

मी म्हटलं, "चालेल. फक्त सहामाहीच्या आठवड्यात नको." त्यांनी ते फाइलवर लिहिलं. खरंच लिहिलं.

तू ये. स्वारगेटला बाबा येतील, पण तुला नको असतील तर मी त्यांना थांबवते. तुला सगळं पुणं दाखवायचंय, आणि दोघी मिळून जिने चढून बघायचेत, कोणाला आधी धाप लागते ते.

आज आठवीचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो: "पाल्यास काही आजार असल्यास नमूद करावा." दरवर्षी बाबा तिथे बारीक अक्षरात काहीतरी लिहितात आणि हात आडवा धरतात. या वर्षी त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. रकाना छोटा होता म्हणून मी समासात लिहिलं:

"यकृत आत्याकडून मिळालेलं आहे, उत्तम चालतं. पित्ताची नळी होती, निघाली. पुन्हा लागल्यास पुन्हा घालण्यात येईल. विद्यार्थिनी शाळेत येईल."

प्रेमला मॅडमनी उभं राहून पूर्ण वाचलं. मग खाली सही केली आणि शिक्का मारला.

तुझी
अपेक्षा